आधी लगीन कागदांचं: जोडीदारासोबत राहायला जाताना दिव्यांग सवलतींचं काय होतं

पुण्यातल्या धायरीच्या वन-बीएचकेत सामान लावून झालं, गॅस जोडला, दाराला पाटी लागली, आणि तिसऱ्या महिन्यात माझी पेन्शन आली नाही. मी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा साचा, घालून चालते. लहानपणी पोलिओ झाला, दाखल्यावर अठ्ठावन्न टक्के. आईकडे राहत होते तेव्हापासून संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मला मिळायचं. ते बंद का झालं, याचा शोध घ्यायला चार हेलपाटे पडले. कारण क्षुल्लक होतं. वार्षिक तपासणीची चिठ्ठी जुन्या पत्त्यावर गेली होती, मी तिथे नव्हते, आणि माझ्या नावापुढे कुणीतरी "पत्त्यावर आढळून आली नाही" असं लिहून टाकलं होतं. जोडीदाराचा, त्याच्या पगाराचा, आम्ही लग्न केलंय की नाही याचा कुणी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. मी मात्र चार महिने त्याच भीतीत होते.

म्हणून हे लिहिते आहे. लग्न करून असो वा न करता, जोडीदाराबरोबर एका छपराखाली जाताना कुठली सवलत जाते, कुठली राहते, कुठली नव्यानं मिळू शकते, आणि कागद कुठल्या क्रमानं हलवायचे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गूगलवर शोधू नका असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवून शोधा. "जोडीदारासोबत राहिलं तर बेनिफिट बंद होतो का" असं शोधलं की निम्मी उत्तरं ब्रिटनची येतात आणि निम्मी अमेरिकेची. ब्रिटनमध्ये लग्न न करता एकत्र राहिलात तरी युनिव्हर्सल क्रेडिट या उत्पन्नावर ठरणाऱ्या भत्त्यासाठी दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. तिथला पिप नावाचा दिव्यांग भत्ता मात्र उत्पन्नावर अवलंबूनच नसतो. अमेरिकेत एसएसआय, म्हणजे गरीब दिव्यांग-वृद्धांचा भत्ता, घेणाऱ्या दोघांनी लग्न केलं तर दोघांची मिळून रक्कम दोन एकट्या माणसांच्या रकमेपेक्षा कमी होते. आपल्याकडे हिशोब वेगळा आहे. आपले नियम बहुतेक वेळा पती, पत्नी, मुलं आणि रेशनकार्ड एवढंच ओळखतात. "पार्टनर" हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. त्याचा कधी फायदा होतो, कधी तोटा.

पहिली पायरी: आपल्या सवलतींचे तीन ढीग करा

एका रविवारी बसा. सगळे कागद जमिनीवर पसरा आणि प्रत्येक सवलतीला एकच प्रश्न विचारा: ही मला कशामुळे मिळते?

पहिला ढीग, माझ्या शरीरामुळे मिळणाऱ्या गोष्टींचा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, रेल्वेची सवलत, पुण्यातल्या पीएमपी बसचा पास, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, व्यवसाय करातली सूट. यांना लग्नाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही कुणाबरोबर राहता हे कंडक्टर विचारत नाही आणि विचारायचा त्याला अधिकारही नाही. पीएमपीच्या पासाला फक्त पत्ता महापालिकेच्या हद्दीतला लागतो. हद्द ओलांडून गेलात तर तेवढं बघा.

दुसरा ढीग, घरच्या उत्पन्नामुळे मिळणाऱ्या गोष्टींचा. संजय गांधी योजना, प्राधान्य कुटुंबाचं किंवा अंत्योदयचं धान्य, लाडकी बहीण, महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना. खरी उलथापालथ होते ती इथे.

तिसरा ढीग, नात्यामुळे मिळणाऱ्या गोष्टींचा. विधवा म्हणून, परित्यक्ता म्हणून, घटस्फोटित म्हणून, पस्तिशीपुढची अविवाहित स्त्री म्हणून मिळणारं अनुदान, वडिलांच्या मागे मुलीला मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन. इथे उत्पन्नाच्या आधी "लग्न झालं का" हा प्रश्न येतो.

एकच बाई दोन ढिगांत असू शकते. पायानं अधू आणि नवरा गेलेला, अशा बाईला संजय गांधीचं अनुदान नक्की कुठल्या प्रवर्गातून मंजूर आहे, दिव्यांग की विधवा, हे मंजुरीच्या पत्रावर लिहिलेलं असतं. ते पत्र शोधा. विधवा प्रवर्गातलं अनुदान पुनर्विवाहानं संपतं. दिव्यांग प्रवर्गात लग्न हे कारणच नाही, तिथे प्रश्न उत्पन्नाचा. मी ज्यांचे फॉर्म भरून दिले त्यांतल्या बऱ्याच जणींना आपला प्रवर्ग माहीत नव्हता.

दुसरी पायरी: पन्नास हजारांचं गणित समजून घ्या

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत लागतं. इतर प्रवर्गांसाठी ही मर्यादा २१,००० आहे. अनुदान २०२३ च्या जुलैपासून महिना १,५०० झालं आणि दिव्यांगांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून २,५०० झालं. दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान पाव पट जास्त मदत मिळावी असं दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. २०२३ नंतर ही वाढ होईपर्यंत मात्र सगळ्यांना एकच रक्कम होती.

आता गणित करा. वर्षाला पन्नास हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. पुण्यात एवढ्यात एक खोली मिळत नाही. जोडीदार सिक्युरिटीत असो, स्विगीवर असो की नारायण पेठेतल्या छापखान्यात, तो एका महिन्यात याहून कितीतरी जास्त कमावतो. म्हणजे लग्न केलं आणि नवऱ्याचं उत्पन्न तुमच्या दाखल्यात आलं की पात्रता गेली. हे कटू आहे आणि मला ते अन्यायाचं वाटतं, कारण नवऱ्याला पगार आहे म्हणून माझा कॅलिपर स्वस्तात दुरुस्त होत नाही. पण नियम असा आहे हे ठाऊक असूनच निर्णय घ्यावा.

पूर्वी याहून विचित्र होतं. अनुदान ६०० रुपये होतं तेव्हा एका घरात एकाहून जास्त लाभार्थी असले तर सगळ्या कुटुंबाला मिळून ९०० मिळायचे. दोन दिव्यांगांनी लग्न केलं की दोघांचे बाराशे जाऊन नऊशे. आजही दोघं दिव्यांग असलात तर प्रकरणं दोघांची स्वतंत्र ठेवा आणि उत्पन्नाचा हिशोब एकत्र बघा.

लग्न न करता राहत असाल तर? उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा असतो, आणि जोडीदार कायद्यानं तुमच्या कुटुंबात नाही. तुमचं रेशनकार्ड वेगळं, त्याचं वेगळं. त्यामुळे त्याचा पगार आपोआप तुमच्या दाखल्यात येत नाही. पण तलाठी चौकशीला आले आणि त्यांनी विचारलं "हे कोण", तर खरं सांगा. "भाऊ आहे", "भाडेकरू आहे" असलं काही सांगू नका. स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते. खोटं निघालं तर वसुलीही तुमच्याकडून होते आणि गुन्हाही तुमच्यावर.

आणि इथे एक गैरसमज पक्का घर करून बसलाय: "आम्ही रजिस्टर केलं नाही, म्हणजे कागदावर लग्न नाही." आळंदीला जाऊन हार घातले, सप्तपदी झाली, फोटो आहेत, नातेवाईक जेवून गेले, तर हिंदू विवाह कायद्यानं ते लग्न झालंच. नोंदणी नसल्यानं लग्न रद्द होत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट आहे. तहसीलच्या आवारात असे सल्ले देणारे एजंट भेटतात: "ताई, लग्न दाखवूच नका, मी जमवतो." तो जमवेल आणि पैसे घेऊन जाईल. दोन वर्षांनी पडताळणी आली की तो तिथे नसतो.

तिसरी पायरी: घर हलण्याआधी यूडीआयडी, आधार, बँक

माझी चूक इथे झाली. मी आधी सामान हलवलं, मग कागद. उलट करा.

यूडीआयडी नसेल तर आधी ते काढा. नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होते आणि तपासणी ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत वायसीएम इथे होते. जुना कागदी दाखला असला तरी यूडीआयडी करून घ्या, कारण आता प्रत्येक खिडकीवर पहिला तोच मागतात.

नाव बदलायचं की नाही हे लग्नाआधी ठरवा. कायद्यानं बाईला नाव बदलावं लागत नाही. मी बदललं नाही, आणि दिव्यांग मैत्रिणींना मी हाच सल्ला देते. स्त्रीस्वातंत्र्य वगैरे आहेच, पण माझं कारण साधं आहे. अनुदान डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, यूडीआयडीवर तिसरं स्पेलिंग, असं झालं की पैसे अडकतात, आणि प्रत्येक ठिकाणी "तिकडून करून आणा" सुरू होतं. सरकारी काम, सहा महिने थांब. तरी बदलायचंच असेल तर आधी आधार, मग पॅन आणि बँक, शेवटी यूडीआयडी आणि रेशनकार्ड. बदल झाल्यावर बँकेत जाऊन खातं डीबीटीसाठी आधारशी जोडलेलं आहे ना, हे पुन्हा विचारा. नुसतं केवायसी झालेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी जोडलेलं असणं वेगळं. हा फरक मला एका कॅशियर मॅडमनं समजावून सांगितला, नाहीतर मी अजून रांगेत असते.

जोडखातं काढायचा मोह होतो, घरभाडं-किराण्यासाठी काढाही. पण अनुदानाचं खातं एकट्याच्या नावाचंच ठेवा.

पत्ता बदलताना तालुका बदलतोय का ते बघा. पुणे शहर वेगळं, हवेली वेगळी, पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र अप्पर तहसील. बसनं वीस मिनिटांचं अंतर असलं तरी फाईल दुसऱ्या दप्तरी जाते. जुन्या तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, मग नव्या ठिकाणी ती पोच दाखवा. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. घर बदललेल्या वर्षी तो चुकवू नका. उत्पन्नाचा दाखला बहुधा ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गर्दी उसळते. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला तर लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

चौथी पायरी: रेशनकार्डाला हात लावण्याआधी दहा वेळा विचार

सासरच्या कार्डात नाव घालायची आपल्याकडे फार घाई असते. "अजून नाव नाही घातलं?" हा प्रश्न पहिल्या संक्रांतीला हमखास. थांबा.

तुमच्या नावानं स्वतंत्र अंत्योदय कार्ड असेल तर त्यावर माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. शहरात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९,००० आहे. नवऱ्याचं कार्ड केशरी पण एनपीएच म्हणजे धान्य न मिळणारं असेल, तर तुमचं अंत्योदय कार्ड सोडून त्याच्या कार्डात गेलात की धान्य शून्य. लग्न झालं आणि चूल एक झाली की नियमानं कार्डही एक व्हायला हवं, हे खरं. पण कुठल्या कार्डात कोण जाणार याचा विचार दोन्ही बाजूंनी करा. नवऱ्याचं नाव बायकोच्या कार्डात येऊ शकतं. रेशनच्या परिमंडळ कार्यालयात हे ऐकून भुवया उंचावतील, उंचावू द्या. अर्थात त्याचं उत्पन्न धरून कार्ड त्या गटात राहतं का, हे मग तपासलं जातंच.

एक दिलासा: दवाखान्यासाठी आता कार्डाच्या रंगाची तेवढी चिंता नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयानं सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण तुमचं नाव एका तरी चालू कार्डात असायला हवं. माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं, दाखला पर्समध्ये ठेवला, आणि सासरच्या कार्डात घालायचं राहून गेलं, अशा अधांतरी अवस्थेत ऑपरेशनची वेळ आली तर काय होतं ते मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. नाव कमी करायचं असेल त्याच आठवड्यात दुसरीकडे घाला. लग्नाशिवाय राहत असाल तर नाव माहेरच्या कार्डातच राहू द्या.

पाचवी पायरी: लाडकी बहीण

संजय गांधीचं अनुदान घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत, हे बहुतेकींना ठाऊक आहे. ज्यांना लाडकी बहीण मिळते त्यांनी एवढं बघावं: मर्यादा कुटुंबाच्या अडीच लाखांची आहे आणि तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक लागतो. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा आला की त्याचं उत्पन्न, त्याचा आयकर, त्याच्या नावावरची चारचाकी सगळं मोजलं जातं. "पेन्शन बंद झाली तर लाडकी बहीणमध्ये जाईन" असा हिशोब मांडू नका. नवी नोंदणी २०२४ मध्येच थांबली.

सहावी पायरी: वडिलांची पेन्शन

खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, रेल्वेतून, सदर्न कमांडच्या ऑफिसांतून निवृत्त झालेल्यांची घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्या घरांतल्या दिव्यांग मुलामुलींना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की लग्न केलंस तर आमच्यामागे पेन्शन मिळणार नाही. लग्नं मोडली यापायी. पूर्वी ते खरंही होतं. पण केंद्र सरकारनं २०१३ च्या जानेवारीतल्या आदेशानं ते बदललं: दिव्यांग मुलगा किंवा मुलगी लग्नानंतरही कुटुंब निवृत्तीवेतनाला पात्र राहते, आणि हे २४ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. उत्पन्नाची अटही २०२१ मध्ये सैल झाली. आधी महिना ९,००० ची मर्यादा होती, आता पेन्शनखेरीजचं उत्पन्न हे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई सवलत, म्हणजे मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तीवेतनापेक्षा, कमी असलं की पुरे.

हे वडिलांच्या हयातीतच करून ठेवा. दिव्यांग अपत्याचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, आधीच नोंदवता येतं. वडील-आई गेल्यावर तेच काम करायला किती वर्षं लागतात ते विचारू नका.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तीवेतन नियम आहेत. केंद्राचा आदेश दाखवून तिथे काम होत नाही, तिथलाच नियम आणि शासन निर्णय लागतो. कंपनीत काम केलेल्यांच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत पूर्णपणे आणि कायमचं अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट न ठेवता पेन्शन आहे. विधवेची पेन्शन मात्र पुनर्विवाहानं बंद होते आणि मग मुलांना अनाथ पेन्शन सुरू होते. केंद्राच्या पेन्शनमध्ये निपुत्रिक विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी उत्पन्नाच्या अटीवर पेन्शन चालू राहू शकते. पुनर्विवाह केला नसल्याचं जे प्रमाणपत्र बँकेत द्यावं लागतं, त्यावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा.

सातवी पायरी: लग्नानं काय मिळतं

आतापर्यंत वाचून घाबरला असाल, तर दुसरी बाजू. जोडीदार ईएसआयसी या कामगारांच्या आरोग्य विम्यात असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत, आणि तो स्वतः दिव्यांग असेल तर २५,००० पर्यंत, तर लग्नानंतर तुमचाही औषधोपचार तिथे होतो. चाकण-भोसरीतल्या कितीतरी घरांत ही सवलत अडीच हजारांच्या अनुदानापेक्षा मोठी ठरते. लिव्ह-इनमध्ये ती मिळत नाही.

जोडीदार जुन्या करप्रणालीत आयकर भरत असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग पत्नीसाठी किंवा पतीसाठी ८०-डीडी कलमाची वजावट होती: ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,०००. तुम्ही स्वतः ८०-यू खाली वजावट घेतलीत तर त्याला ती मिळत नाही, दोघांपैकी एकानंच घ्यायची. नवी करप्रणाली निवडली तर दोन्ही नाहीत. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे सीएला आकडा सांगण्यापेक्षा "दिव्यांग अवलंबिताची वजावट" असं सांगा. अवलंबितांच्या यादीत पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भावंडं आहेत. पार्टनर नाही.

दिव्यांग आणि अव्यांग व्यक्तींच्या विवाहासाठी राज्याची प्रोत्साहन योजना आहे. २०१४ च्या शासन निर्णयात एकूण ५०,००० रुपये होते: २५,००० ची बचत प्रमाणपत्रं, २०,००० रोख, ४,५०० संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि ५०० कार्यक्रमाला. पाचशेत कुठला कार्यक्रम होतो हा प्रश्न मी समाजकल्याणच्या खिडकीवर विचारला होता. खिडकीतले काका हसले. सध्याची रक्कम आणि अटी अर्जाआधी विचारून घ्या. नोंदणी दाखला लागतो आणि लग्नाला वर्ष उलटायच्या आत अर्ज करायचा, एवढं आधीपासून मनात ठेवा. म्हणजे अनुदान वाचवायला लग्न लपवलं तर हेही गेलं.

लग्नाची नोंदणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते, नमुना ड भरून, तीन साक्षीदारांसह. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस. जिना चढता येत नसेल तर आधी जाऊन लिफ्ट चालू आहे का बघून या, किंवा कुणाला तरी पाठवा. मी साक्षीदारांनाच पाठवलं होतं.

लग्न न करता राहणाऱ्यांसाठी वेगळं थोडं

इथे सरकारी सवलतींपेक्षा एकमेकांचं काय, हा प्रश्न मोठा. ईपीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत, कुटुंब असलेल्याला कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन करता येत नाही. कुटुंब नसेल तर करता येतं, पण पुढे लग्न झालं की ते रद्द होतं आणि नव्यानं भरावं लागतं. बँकेत मात्र कुणालाही नॉमिनी करता येतं. दोघांनी साधं मृत्युपत्र करून ठेवा.

मानसिक आजार असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खूप उपयोगाचा आहे. साध्या कागदावर लिहून, सही करून तुम्ही कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. ती व्यक्ती नातेवाईक असायला हवी असं नाही. हे बऱ्या काळात लिहून ठेवा.

घरात मारहाण झाली, पैसे काढून घेतले, व्हीलचेअर लपवून ठेवली, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० आणि २०१३ च्या निकालांत असं नातं कशाला म्हणायचं याच्या कसोट्या सांगितल्या: किती काळ एकत्र राहिलात, घरखर्च एकत्र होता का, समाजात कसे वावरलात. म्हणून भाडेकरारावर दोघांची नावं ठेवा. तुमचं एटीएम कार्ड तुमच्याच पाकिटात असू द्या. अनुदान कितीही छोटं असो, ते कोण काढतं यावर घरातलं बरंच काही ठरतं.

शेवटची पायरी: अडलं तर

अनुदान थांबलं तर आधी कारण लेखी मागा. तोंडी "वरून बंद आहे" हे कारण नसतं. लेखी मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. भेदभाव झाला, "अपंग असून कशाला लग्न" असलं काही ऐकवलं, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि ते कार्यालय पुण्यातच आहे. नागपूर-गडचिरोलीच्या लोकांना यासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, आपल्याला एक रिक्षा.

आम्ही दोन वर्षं तसेच राहिलो आणि मग लग्न केलं. त्याचा पगार पन्नास हजारांच्या पुष्कळ वर होता, म्हणून मी स्वतःच तहसीलमध्ये पत्र दिलं: माझं लग्न झालं आहे, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं आहे, अनुदान बंद करावं. खिडकीतल्या क्लार्कनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "बंद करायला अर्ज? असं कोण देतं?" मी म्हटलं, पोच द्या. त्यानं शिक्का शोधायला पाच मिनिटं घेतली. ती पोच गॅसच्या पुस्तकात ठेवली आहे. पुढच्या वर्षी वसुलीची यादी निघाली तेव्हा तिची झेरॉक्स एकदा कामाला आली.